पानांच्या आकाराचा मॉड्यूलर बस शेल्टर: ऊन, पाऊस, थंडी तिन्ही बघून लिहितोय

आमच्या नेहमीच्या स्टॉपवरचा जुना सपाट पत्र्याचा शेल्टर काढून हा नवीन पानांचा शेल्टर बसवला, त्याला आता तिन्ही ऋतू लागून गेलेत, त्यामुळे त्याच्याबद्दल नीट लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात येणारा-जाणारा फोटो काढत होता, सगळे कौतुक करत होते, आणि दिसायला तो छान आहेच, पण बस शेल्टर कसाय ते फोटोत कळत नाही, पावसाची झड आली की कळतं, भर दुपारी बस उशिरा आली की कळतं. मी स्वतः फॅब्रिकेशनच्या कामात आहे, त्यामुळे बस येईपर्यंत माझी नजर आपोआप वेल्डवर, बोल्टवर, सांध्यांवर जाते, म्हणून हा रिव्ह्यू थोडा तांत्रिक होणार, चालवून घ्या. रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४, आणि जो एक स्टार गेलाय तो वस्तूपेक्षा ती बसवण्याच्या पद्धतीमुळे गेलाय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. मधे खोडासारखा एक पोकळ खांब, खांबाच्या डोक्यावर एक जाडजूड गोल कॉलर, कॉलरमधून निघालेल्या तीन फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एक मोठं पान. असं एक झाड. आमच्या स्टॉपवर अशी दोन झाडं शेजारी शेजारी आहेत, लहान स्टॉपवर एकच बसवतात, मोठ्या ठिकाणी चार-पाच जोडत जातात, आणि बाक, मागची जाळी, दिवा, बसच्या वेळांचा बोर्ड हे सगळं त्याच खांबाला बोल्टने लागतं. म्हणजे पार्ट मोजकेच, पण त्यांची जुळणी हवी तशी करता येते. पान अ‍ॅल्युमिनियमच्या २ मिमी पत्र्याचं आहे, मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या घड्या, ताडाच्या पानाला असतात ना तशा.

या घड्या नुसत्या शोभेच्या नाहीत हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण त्याला नक्षी समजतात. २ मिमीचा एवढा मोठा सपाट पत्रा तुम्ही एका बाजूने धरलात तर तो लगेच झोळ खाईल, तोच पत्रा घड्या घालून धरा, ताठ उभा राहतो, कारण घडीमुळे पत्र्याला उंची मिळते आणि वाकायला विरोध त्या उंचीतून येतो. ताडाचं पान हेच करतं, एवढं मोठं पान एका देठावर तोलून धरायचं तर जाडी वाढवून चालत नाही, वजन वाढतं, मग घड्या. इथेही त्याचा थेट फायदा आहे, २ मिमी अ‍ॅल्युमिनियम एका चौरस मीटरला साधारण ५.४ किलो भरतं, तेवढ्याच जाडीचं लोखंड १५.७ किलो, त्यामुळे अख्खं पान माणसांना हातांवर उचलून लावता येतं, क्रेन लागत नाही, रस्ता बंद करावा लागत नाही. निसर्गातून आकार घेतला आणि त्याच्यासोबत त्याचं कामही घेतलं असं या घड्यांबद्दल म्हणता येईल, आणि शेल्टरमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

आता पाऊस. इथे जरा थांबून सांगतो कारण सगळं गणित इथेच आहे आणि ते फारसं कोणी बघत नाही. पाऊस सरळ क्वचितच पडतो. मोठ्यात मोठा थेंब साधारण सेकंदाला ९ मीटरने खाली येतो, आणि वारा समजा ताशी १८ किलोमीटर असला, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, जो काही वादळी नाही, रोजचाच आहे, तरी तो थेंब जवळजवळ ३० अंशांनी तिरका येतो. बारीक १ मिमीचा थेंब तर सेकंदाला ४ मीटरनेच पडतो, तो तेवढ्याच वाऱ्यात ५० अंशांच्या पुढे तिरका होतो. आता छपराची कड जमिनीपासून ३ मीटर उंच असेल तर ३० अंशांचा पाऊस कडेपासून आत पावणेदोन मीटरपर्यंत जमीन भिजवतो. कड २.४ मीटरवर असेल तर १.४ मीटर. शेल्टरची पुढून मागपर्यंतची खोलीच जर दीड-दोन मीटर असेल तर बघा, वरचे ६० सेंटीमीटर तुम्ही कोरडे राहणार की भिजणार ते ठरवतात. भव्य दिसावं म्हणून छप्पर उंच नेलं की खाली उभ्या असलेल्या माणसाला छत्री उघडावीच लागते, मग छप्पर कशाला.

आणि पानाच्या आकाराच्या शेल्टरची नेमकी इथेच कसोटी लागते. झाडाकडे पाणी घालवायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे पान खाली झुकवायचं आणि टोकावरून पाणी सोडून द्यायचं, पिंपळाच्या पानाला जी लांब शेपटी असते ती त्यासाठीच असते असं वनस्पतीशास्त्रात शिकवतात, पावसाळी जंगलातल्या कितीतरी झाडांना तशी टोकं असतात. दुसरा मार्ग म्हणजे पान वर उचलायचं, नरसाळ्यासारखं, आणि पाणी देठावरून फांदीवर, फांदीवरून खोडावर, खोडावरून थेट मुळाशी न्यायचं. या शेल्टरच्या डिझायनरने दुसरा मार्ग धरलाय, पानं वर उचललेली, पाणी आत खांबाकडे, खांबाच्या पोटातल्या पाइपमधून खाली. त्याचा फायदा असा की कडेवरून पागोळ्या पडत नाहीत, बसमध्ये चढताना मानेवर धार येत नाही, आणि ते खरंच सुखाचं आहे, जुन्या शेल्टरला ऐन दारासमोर पागोळ्या लागायच्या. पण वर उचललेल्या पानाची बाहेरची कड उंच जाते, आणि कड उंच गेली की वर सांगितलं ते तिरक्या पावसाचं गणित लागू होतं. म्हणजे एका बाजूने कमावलं आणि दुसऱ्या बाजूने गमावलं.

मग यावर उपाय काय, तर उपाय त्यांच्याच डिझाइनमध्ये आहे! ती जी गोल कॉलर सांगितली ना, तिच्यात प्रत्येक फांदीसाठी भोकांच्या दोन जोड्या दिल्यात, वरच्या जोडीत बोल्ट घातले तर पान वर उचललेलं, खालच्या जोडीत घातले तर तेच पान झुकलेलं, कड बरीच खाली येते. पान तेच, फांदी तीच, बोल्ट तेच. म्हणजे रस्त्याच्या बाजूचं पान वर ठेवा, कारण तिथे बस येते, आरसा लागायला नको, पागोळ्या नकोत, आणि ज्या बाजूने पाऊस येतो त्या बाजूचं पान खाली झुकवा. इतकी साधी गोष्ट. आणि बसवणाऱ्यांनी काय केलं, तर सगळ्या स्टॉपवर सगळी पानं वर. कॅटलॉगमध्ये जसं चित्र होतं तसं. आमच्या स्टॉपला पाऊस मागच्या बाजूने येतो, हे तिथे रोज उभं राहणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारलं कोणी नाही.

पहिल्या पावसात सगळे जण बाक सोडून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहायचे, कारण मागून झड यायची. मी एकदा वीज जोडायला आलेल्या फिटरला विचारलं, म्हटलं दादा, हे मागचं पान खाली घेता येईल का हो. तो म्हणाला, "येतं की. भोकं त्यासाठीच दिलीयेत. वरून ऑर्डर आली की करतो, माझ्या मनाने नाही करता येत." मग आम्ही रोजच्या प्रवाशांनी मिळून लेखी दिलं, सह्या केल्या, सोबत फोटो जोडले, कुठल्या बाजूने पाणी येतं त्याचे, आणि थोडे दिवस गेले पण माणसं आली. दोघांनी पान तोलून धरलं, तिसऱ्याने पाना (स्पॅनर) घेऊन बोल्ट काढले, खालच्या भोकात घातले, आवळले, झालं, मधे आलेली बससुद्धा थांबवावी लागली नाही. आता एक आजी असतात रोज सकाळच्या बसला, त्या म्हणाल्या, "पाठ कोरडी राहते रे बाबा आता." त्यांच्याकडून मिळालेलं हे सर्टिफिकेट मी कुठल्याही डिझाइन अवॉर्डपेक्षा वर धरेन.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मॉड्यूलर म्हणजे सगळीकडे एकसारखं नव्हे. पार्ट एकसारखे, जुळणी जागेप्रमाणे वेगळी, तेव्हाच त्याला अर्थ आहे. झाडाची सगळी पानं एका साच्यातली असतात पण ती कुठे वळतात ते उजेड ठरवतो, एकाच जातीची दोन झाडं शेजारी असली तरी फांद्या सारख्या नसतात. निसर्गातून घ्यायचं तर हे घ्यायला हवं होतं, आणि डिझायनरने घेतलंही होतं, ते बसवताना हरवलं.

वाऱ्याबद्दल. पानासारखं छप्पर म्हटलं की वारा त्याला खालून उचलणार हे ओघाने आलंच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट, सेकंदाला ४० मीटरचा वादळी वारा धरला तर एका चौरस मीटरवर शंभर किलोच्या जवळ दाब येतो, आणि पाच-सहा चौरस मीटरच्या एका पानावर म्हणजे अर्धा टन सहज झाला. खरं पान यातून कसं सुटतं, तर ते गुंडाळून घेतं. स्टीव्हन व्होगेल नावाचे जीवशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८९ मध्ये पानं जोराच्या वाऱ्यात धरून दाखवलं होतं की रुंद पानं वारा वाढला की स्वतःभोवती वळून शंकूसारखी होतात आणि वाऱ्याची ओढ कमी करतात. केळीचं पान तर शिरांच्या रेषेत फाटतं आणि वारा मधून जाऊ देतं. अ‍ॅल्युमिनियमचं पान वळणार नाही आणि फाटायला तर आपल्यालाच नको, त्यामुळे इथे निसर्गाची नक्कल संपते आणि पाया, बेस प्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी), अँकर बोल्ट (ती पाटी काँक्रीटला धरून ठेवणारे) सुरू होतात. ते काम चांगलं केलंय, सहा बोल्टची जाड बेस प्लेट आहे, खाली ग्राउट, म्हणजे फट भरायचा सिमेंटचा मसाला, नीट भरलेलं दिसतं, आणि पानांच्या मधे मुद्दाम फट ठेवलीये जिथून वारा वर निघून जातो. त्या फटीवर थोडं उंचावर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची, पट्टी आहे म्हणजे पाणी येत नाही. मोठ्या वाऱ्यात मी त्याच्याखाली उभा राहिलोय, पान थोडं हलतं पण खडखडत नाही, आणि न खडखडणारा पत्रा म्हणजे सांधा नीट आवळलेला आहे.

पॉलिकार्बोनेटचं एक सांगून ठेवतो, ज्यांना घरी शेड करायचीये त्यांनाही उपयोगी पडेल. हे मटेरियल तापलं की लोखंडाच्या पाचपट फुगतं, २ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकात ५ मिमी लांब होते, म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठं पाडावं लागतं आणि वर रबराचा वॉशर. इथे पाडलंय. आणि ऊन रोखणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो, ती बाजू वर यायला हवी, उलटी लागली की शीट लवकर पिवळी पडून तडकते. इथली अजून पिवळी पडायला लागलेली नाही, तेव्हा सुलटीच लावली असावी.

जोडकामाबद्दल मनापासून शाबासकी देतो. खांब आणि फांद्या लोखंडाच्या, हॉट डिप गॅल्वनाइज केलेल्या, म्हणजे जस्ताचा थर चढवलेल्या, आणि साइटवर एकही वेल्ड नाही, सगळं बोल्टवर. हे महत्त्वाचं का, तर गॅल्वनायझिंगमध्ये अख्खा पार्ट ४५० अंशांच्या जस्ताच्या रसात बुडवतात, आतून बाहेरून जस्त चढतं, आणि मग तुम्ही साइटवर जाऊन वेल्डिंग केलंत की त्या जागेचं जस्त जळून जातं, गंज पहिला तिथूनच येतो. जुन्या शेल्टरचे खांब बरोब्बर साइट वेल्डच्या जागी सडले होते. मॉड्यूलर असल्यामुळे प्रत्येक पार्ट टाकीत मावेल एवढाच आहे, वर्कशॉपमध्येच सगळं वेल्डिंग, मग गॅल्वनायझिंग, मग नुसती जुळणी. अ‍ॅल्युमिनियमचं पान आणि स्टेनलेसचे बोल्ट यांच्यामधे नायलॉनचे बुश (भोकात बसणाऱ्या नळ्या) आहेत, तेही बघून बरं वाटलं, कारण ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, आणि हे बुश बसवायला नेमके विसरतात लोक.

फांदी खांबाला जिथे मिळते तो कोपराही बघण्यासारखा आहे. काटकोनात नेऊन जोडलेला नाही, गोलाई देत देत आणलाय. जर्मनीत कार्लस्रुहेला क्लाउस मॅटेक म्हणून संशोधक आहेत, त्यांनी झाडांच्या बेचक्यांचा बराच अभ्यास केलाय, झाड जिथे ताण जास्त तिथे लाकूड वाढवत जातं आणि कोपरा भरून काढतं, म्हणून बेचक्यात कुठेही टोकदार खाच राहत नाही. धातूतही टोकदार कोपऱ्यातच चीर पडते, वाऱ्याने रोज हलणाऱ्या वस्तूत तर नक्कीच. फक्त त्या गोलाईत आता पक्ष्यांना बसायला मस्त जागा झालीये आणि त्याच्या बरोब्बर खाली बाकाचं एक टोक येतं, तेवढं टोक कायम खराब असतं. बाक हातभर सरकवला तरी पुरे, तोही बोल्टवरच आहे.

खांबातल्या पाइपबद्दल आता. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, साधा हिशेब, तासाला ५० मिमीचा पाऊस झाला तर एका झाडाच्या तीन पानांवरून तासाला ९०० लिटरच्या आसपास पाणी त्या एका पाइपात जातं. पाइप तेवढं घेतो, पण वर जाळी बारीक आहे आणि शेजारी खरी झाडं आहेत, त्यांची पानं येऊन या पानांत साचतात, जाळी तुंबते, मग पाणी कडेवरून धबाधबा. साफ करणारे मामा येतात त्यांना विचारलं तर म्हणाले शिडी लावून वर चढावं लागतं, खालून पाण्याचा फवारा मारला तर कचरा उलट जाळीत घट्ट बसतो. खांबाला हात पोचेल एवढ्या उंचीवर एक झाकण ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. दुसऱ्या एका स्टॉपवरच्या शेल्टरला असं झाकण बघितलंय मी, म्हणजे बहुतेक नंतरच्या बॅचमध्ये सुधारणा केलीये, पण जुन्यांना ते लावून देणार की नाही हे कोणी सांगत नाही.

पानावर पाणी न चिकटणारं कोटिंग आहे असं माहितीच्या बोर्डवर लिहिलंय. सुरुवातीला खरंच अळवाच्या पानावर असतात तसे थेंब गोल होऊन पळायचे, बघत राहावं असं. पण आता ते जवळपास गेलंय. विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ मध्ये कमळाच्या पानाबद्दल जे मांडलं त्यात मुख्य गोष्ट अशी की पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर, थेंब नुसता टोकांवर टेकतो आणि जाताना धूळ घेऊन जातो, अळवाचं पानही तसंच. पण जिवंत पान झिजलेलं मेण परत तयार करतं. कोटिंग कोण परत लावणार? ते देखभालीच्या करारात असेल तर बोर्डवर लिहा, नसेल तर लिहू नका.

उन्हाचं सांगतो, इथे मी निराश आहे. पान म्हटलं की सावली आणि सावली म्हटलं की गारवा अशी आपली समजूत, पण खरं पान पाणी बाष्प करून स्वतःला थंड ठेवतं, म्हणून झाडाखाली गार वाटतं. धातूचं पान तापतं आणि डोक्यावर उष्णता सोडत राहतं. आमच्या शेल्टरची पानं वरून गडद हिरवी रंगवलीत, म्हणजे दिसायला पानासारखी आणि तापायला तव्यासारखी. वरची बाजू पांढरी किंवा फिकट केली असती, नाहीतर खाली पाच-सहा सेंटीमीटर फट सोडून दुसरा पातळ थर दिला असता की मधून हवा खेळत राहील, तर बराच फरक पडला असता. हिरवा रंग खालून द्या की, बघणारे खालूनच बघतात. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला २०१९ मध्ये ३१६ बस स्टॉपच्या छपरांवर सेडमची (जाड पानांची, कमी पाण्यात तगणारी) रोपं लावली, तो एक मार्ग आहे, पण ओली माती आणि रोपं मिळून एका चौरस मीटरला ६० ते १५० किलो वजन होतं, ते या पातळ पानाला झेपणारं नाही, त्यासाठी सांगाडाच वेगळा लागेल.

मागची जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी, षटकोनी भोकांची. पोळ्याला षटकोन का, तर सारख्या आकाराचे कप्पे कमीत कमी भिंतीत बसवायचे तर षटकोनच, हे थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये गणिताने सिद्ध केलं. मेण वाचतं. पण इथे भोकं पत्र्यातून कापून काढलीत, म्हणजे पत्रा वाचला नाहीच, वर कापायचं काम वाढलं, आणि भोकं एवढी मोठी की पाऊस आरपार. पाठीशी जाळी असून आडोसा नाही. हवा खेळावी म्हणून भोकं हवीत हे कबूल, पण मग खाली कमरेपर्यंत बंद आणि वर भोकं असं करता आलं असतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र ही. फांद्या खांबातून तिरप्या निघतात, आणि झुकवलेल्या पानाच्या बाजूला फांदीचा खालचा भाग डोक्याच्या उंचीवर येतो. आमच्या बसला एक दृष्टिहीन तरुण असतो, पांढरी काठी वापरतो, काठी जमिनीवरचं सांगते, वरून तिरकं आलेलं सांगत नाही. अमेरिकेच्या दिव्यांगांसाठीच्या मानकांत नियम स्पष्ट आहे, जमिनीपासून ६८५ मिमीच्या वर आणि २०३० मिमीच्या खाली कुठलीही वस्तू चालण्याच्या वाटेत १०० मिमीपेक्षा जास्त पुढे येता कामा नये, कारण तेवढ्या पट्ट्यात काठी लागत नाही. झाडासारखी रचना म्हटली की फांद्या तिरप्या येणारच, तेव्हा हा प्रश्न या सगळ्या डिझाइनच्या पोटातच आहे आणि तो आधीच सोडवायला हवा. आमच्याकडे पान झुकवल्यावर त्या तरुणाने स्वतःच येऊन हाताने चाचपून दाखवलं कुठे लागतं ते, आणि मग त्या फांदीखाली बाकाचं टोक आणून वाट बंद केली, आता काठी आधी बाकाला लागते. उपाय चांगला झाला, पण तो प्रवाशाने सुचवला, वाहतूक खात्याने नाही.

व्हीलचेअरसाठी जागा आहे, त्याच मानकांत निवाऱ्याच्या आत ७६० बाय १२२० मिमी मोकळी जागा सांगितलीये, ती इथे छपराखाली नीट मिळते, वळायलाही जागा आहे, कारण मधे एकच खांब आहे, चार कोपऱ्यांना चार खांब नाहीत. एका खोडाचा हा मोठा फायदा. बाकाची उंची बरोबर, हात टेकून उठायला आधार आहे. बाकी दिवा चांगला, अंधारात चेहरे दिसतात, डोळ्यांवर येत नाही. पाऊस जोरात आला की पत्र्याचा आवाज मात्र खूप होतो, फोनवर बोलता येत नाही.

निसर्गाच्या आकाराचे म्हणून जे नावाजलेले नमुने आहेत त्यांच्याशी तुलना केली तर आमचा शेल्टर बराच कामाचा आहे हेही सांगायला हवं. लिस्बनचं ओरिएंते रेल्वे स्टेशन, आर्किटेक्ट कालात्रावांनी १९९८ च्या एक्स्पोसाठी (जागतिक प्रदर्शनासाठी) केलेलं, फलाटांवर पोलाद आणि काचेची झाडंच झाडं, बघायला अप्रतिम, पण छप्पर एवढं उंच आणि बाजू मोकळ्या, त्यामुळे वारा-पाऊस आत येतो ही त्याच्याबद्दलची जुनी तक्रार. ऑस्ट्रियातल्या क्रुम्बाख या हजारेक वस्तीच्या गावात २०१४ मध्ये जगभरातल्या सात आर्किटेक्टांनी सात बस स्टॉप केले, त्यातला सू फुजिमोतोंचा म्हणजे बारीक उभ्या पोलादी सळ्यांचं रान, छप्पर असं नाहीच. एका गावात पाहुणे यावेत म्हणून केलेली ती गोष्ट आहे आणि तिथे ती शोभते. पण शेकडो स्टॉपवर रोज माणसं उभी राहणार असतील तर पहिलं काम निवाऱ्याचं, आणि आमच्या शेल्टरच्या डिझायनरला ते कळलं होतं हे त्या कॉलरमधल्या भोकांच्या दोन जोड्यांवरून दिसतं.

दुरुस्तीचा अनुभवही चांगला आहे. पुढच्या पानाची कड एका मालवाहू गाडीने ठोकली, कड दुमडली, आणि तेवढंच पान उतरवून दुसरं लावलं, बाकी शेल्टर जागच्या जागी. जुना शेल्टर असता तर अख्खं छप्पर काढून वेल्डिंगचा पसारा झाला असता. अडचण एवढीच झाली की बदली पान यायला वेळ लागला, कारण राखीव पान कुठेच ठेवलेलं नव्हतं. एकाच साच्याचे एवढे पार्ट शहरभर लावल्यावर दोन-चार पानं, फांद्या, कॉलरचे बोल्ट डेपोत पडून असायला काय हरकत आहे.

तुमच्याकडे हा किंवा असा शेल्टर येणार असेल तर पाया ओतायच्या आधी साइटवर जा, नंतर नाही. बेस प्लेटला सहा बोल्ट आहेत म्हणजे अख्खं झाड ६० अंशांच्या टप्प्याने फिरवता येतं, पण अँकर बोल्ट एकदा काँक्रीटमध्ये गेले की त्यांच्या अधलामधला कोन मिळत नाही. पाऊस कुठून येतो, दुपारनंतरचं ऊन कुठून येतं, बसचं पुढचं दार कुठे थांबतं आणि वाट कुठून आहे, एवढं खडूने जमिनीवर काढून द्या, आणि मागचं पान खालच्या भोकात घ्यायला त्याच दिवशी सांगा. आमच्या दुसऱ्या झाडाचं पश्चिमेचं पान अजून वरच आहे, त्यासाठी दुसरा अर्ज देऊन ठेवलाय.